ताळगावचा फ्लॅट परदेशी भाडेकरूसाठी तयार करताना

प्रश्न फोंड्याच्या एका दांपत्याचा आहे. ताळगावला त्यांचा ९२ चौरस मीटरचा, दोन बेडरूमचा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट चार वर्षे बंद आहे. कामानिमित्त गोव्यात वर्ष-दोन वर्षे राहायला येणाऱ्या परदेशी कुटुंबाला तो द्यावा असे त्यांच्या मनात आहे आणि त्यासाठी सात लाख रुपये खर्च करण्याची त्यांची तयारी आहे. एका सजावटकाराने त्यांना फॉल्स सीलिंग, भिंतभर टीव्ही युनिट आणि काळ्या लेदरचा सोफा असा आराखडा करून दिला असून परदेशी लोकांना हॉटेलसारखे घर लागते असे सांगितले आहे. हे कितपत बरोबर आहे, असे त्यांनी विचारले आहे.

गेली १९ वर्षे मी पणजी, दोना पावला, पर्वरी आणि बार्देशातील काही गावांत अशी घरे तयार करून देतो आणि नंतर त्यांची देखभालही पाहतो. यातली दुसरी गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण घर सजवून किल्ली देणाऱ्याला जुलै महिन्यात फोन येत नाहीत, देखभाल करणाऱ्याला येतात. त्या फोनांच्या आधारावर माझे मत असे आहे की आपण तो आराखडा बाजूला ठेवावा. हॉटेलात माणूस चार रात्री राहतो आणि त्याची चादर, त्याचे ओले टॉवेल, कोपऱ्यातला कुबट वास हे सारे दुसरे कोणी तरी निस्तरत असते. आपला भाडेकरू मात्र इथे अख्खा पावसाळा काढणार आहे, स्वयंपाक करणार आहे, कपडे वाळवणार आहे आणि बहुधा घरातूनच कामही करणार आहे. फ्लॅट पाहायला तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो, पण पुढच्या वर्षी करार वाढवायचा की नाही हे तो ऑगस्टमध्ये ठरवतो.

ताळगाव हे ठिकाण यासाठी चांगले आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत येणारे संशोधक, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांचे अभियंते, शाळांत शिकवायला येणारे शिक्षक, युरोपातल्या कंपनीसाठी इथे बसून काम करणारी तरुण जोडपी आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन बाहेर स्थिरावलेले, आता काही काळ परत आलेले मूळ गोमंतकीय, असे सगळे या भागात घर शोधतात. यांच्या आवडीनिवडी एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून एका विशिष्ट देशाच्या माणसाची कल्पना करून घर सजवू नये. सगळ्यांची तक्रार ज्या गोष्टींवर येते, त्यांच्यावर पैसा खर्च करावा.

त्यातली पहिली गोष्ट दमट हवा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आपल्याला त्या हवेची सवय असते आणि कपाटात कापराच्या वड्या टाकून आपण निभावून नेतो. बाहेरून आलेल्या माणसाला आपले कपडे, पुस्तके, गिटार डोळ्यांदेखत खराब होताना दिसतात आणि त्याचा जीव तुटतो. माझ्या सुरुवातीच्या काळात दोना पावलाच्या एका फ्लॅटमध्ये मी पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांचे, मोठे कपाट उभे केले होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिथल्या भाडेकरू बाईंनी मला बोलावून घेतले आणि काही न बोलता कपाटाचे दार उघडले. आतल्या काळ्या लोकरीच्या कोटावर खांद्यापासून कोपरापर्यंत हिरवट-पांढरी लव उगवली होती. चामड्याच्या बुटात बोट घातले तर पीठ लागावे तशी बुरशी बोटाला लागत होती. तळाची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगून कडेने सुटली होती. तो कोट त्यांच्या आईचा होता. मी तो दोनदा ड्रायक्लीनिंगला दिला, तरी वास गेला नाही. चूक सर्वस्वी माझी होती, आणि त्यानंतर मी गोव्यात एकाही घरात एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड वापरलेले नाही.

आपण कपाटे करून घ्याल ती आयएस ७१० या मानकाच्या, म्हणजे बाजारात मरीन प्लाय म्हणतात त्या प्लायवूडची असावीत आणि कापलेली प्रत्येक कड सीलबंद करून घ्यावी, कारण पाणी आणि वाळवी दोन्ही कडेनेच शिरतात. कपाट बाहेरच्या भिंतीला, विशेषतः नैऋत्येच्या वाऱ्याचा पाऊस ज्या भिंतींवर आपटतो त्या पश्चिम आणि दक्षिण भिंतींना लावू नये. दुसरा इलाजच नसेल तर मागे तीन इंच मोकळी जागा आणि खाली चार इंचांचे पाय ठेवावेत. दारांना झडपांसारख्या फटी ठेवल्या तर आत हवा खेळते. सुताराला हे काम किचकट वाटते आणि तो साधे दार सुचवतो, पण तिथे आपण आग्रह धरावा. त्याचबरोबर हवेतले दिवसाला २० ते २५ लिटर पाणी ओढणारा एक डीह्युमिडिफायर घ्यावा आणि भिंतीवर काही शे रुपयांचा आर्द्रतामापक लावावा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. एसीचा ड्राय मोड थोडी मदत करतो, पण पावसाळ्यात खोली आधीच गार असल्यामुळे तो पुरा पडत नाही. काळ्या लेदरचा सोफा मी का नको म्हणतो हे आता वेगळे सांगायला नको. धुता येतील अशा सुती खोळींचा, सागवानी किंवा वेताच्या सांगाड्याचा सोफा इथल्या हवेत टिकतो.

फॉल्स सीलिंगही मी नको म्हणेन. त्याच्या वर गळती झाली तर डाग दिसेपर्यंत आतले सगळे भिजलेले असते, आणि उंची कमी झाल्याने पंख्याचा वाराही नीट लागत नाही.

सजावटीला हात लावण्यापूर्वी एक काम याच पावसात करून घ्यावे. दोन-तीन दिवस झड लागून गेली की फ्लॅटवर जाऊन प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यावर, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर आणि छताच्या कडेवर तळहात ठेवून पाहावे, ओल लागेल तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि तारखेसह फोटो काढावा. ऑक्टोबरमध्ये गवंडी येईल तेव्हा भिंती वाळलेल्या असतील आणि त्याला काहीच दिसणार नाही. भिंत बाहेरून दुरुस्त करायची असेल तर सोसायटीची परवानगी लागते. तो अर्ज आत्ताच देऊन ठेवावा.

खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, किंवा पावडर कोटिंग केलेल्या अॅल्युमिनियमच्या असाव्यात आणि त्यांच्या रुळांना पाणी बाहेर जाण्याची भोके आहेत ना, ती मातीने बुजलेली नाहीत ना, हे पाहावे. प्रत्येक उघडणाऱ्या जागेला जाळी हवी, आणि यात बाथरूमचा झरोका व स्वयंपाकघरातील एक्झॉस्टची जागाही आली. डास एका फटीतूनही येतो, आणि नव्याने आलेल्या कुटुंबाला डेंग्यूची धास्ती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा ही या भागातील घरांची खरी श्रीमंती आहे. जाळ्या नसल्यामुळे भाडेकरूला खिडक्या बंद करून एसी लावावा लागत असेल, तर ती श्रीमंती आपण त्याच्यापासून हिरावून घेतली असे मी समजतो.

समुद्र जवळ असल्यामुळे खारी हवा धातूला खाते. नळ, बिजागऱ्या, टॉवेलचे दांडे जितके स्वस्त तितके लवकर तांबारतात. नेहमीच्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलवरसुद्धा तपकिरी ठिपके येतात. बाल्कनीत ३१६ दर्जाचे स्टील किंवा पितळ वापरावे. एसीचे बाहेरचे युनिट गंजरोधक थर दिलेल्या पात्यांचे घ्यावे आणि सर्व्हिसिंगवाल्याचा हात पोचेल अशा जागी बसवावे. अवघड जागी टांगलेल्या युनिटची कोणीही नीट सफाई करत नाही.

विजेचे काम दिसत नाही म्हणून लोक त्यात काटकसर करतात. चार वर्षे बंद असलेल्या घरात आधी अर्थिंग तपासून घ्यावे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवावा आणि दोन एसी, गीझर, ओव्हन व इंडक्शन एकाच वेळी चालतील एवढा भार वीज खात्याकडून मंजूर आहे का ते पाहावे. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आहे. अमेरिकेतून आणलेले ११० ते १२० व्होल्टचे हेअर ड्रायर किंवा कॉफीचे यंत्र इथे थेट लावले तर जळते, हे घराच्या माहितीपत्रकात लिहून ठेवावे. युरोपातला दोन पिनांचा बारीक प्लग आपल्या सॉकेटमध्ये ढिला बसतो आणि ब्रिटिश प्लगच्या चौकोनी पिना जातच नाहीत. म्हणून चांगल्या प्रतीचे चार-पाच अडॅप्टर ड्रॉवरमध्ये ठेवावेत. पलंगाच्या दोन्ही बाजूंना सॉकेट असावेत. एकाच बाजूला सॉकेट ठेवण्याची आपली जुनी पद्धत दोन फोन असलेल्या जोडप्याला रोज अडचणीची ठरते.

आता इंटरनेटचे. जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, त्यामुळे तिथल्या लोकांबरोबर काम करणाऱ्याच्या बैठका रात्री नऊ-दहापर्यंत चालतात. मे अखेरीच्या गडगडाटी पावसात वीज जाते तीही नेमकी याच वेळी. फायबरचे जोडणी-यंत्र आणि राउटर ही दोन्ही इन्व्हर्टरवर असली पाहिजेत. बऱ्याच घरांत पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर असतात आणि राउटर राहून जातो. दुसऱ्या बेडरूममध्ये एक चांगले टेबल, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि भिंतीतून आलेली नेटवर्कची केबल एवढे दिले, तर त्या खोलीत दुसरा पलंग नसला तरी भाडेकरू तक्रार करत नाही. भिंतभर टीव्ही युनिटचे पैसे मी इथे वळवीन. बहुतेक लोक लॅपटॉपवरच कार्यक्रम पाहतात.

उंचीचा विचार आपल्याकडे होत नाही. एका घरात एक उंचपुरा डच अभियंता राहत होता. मी नळ पाहायला गेलो तेव्हा तो ओट्यापुढे पाय फाकवून, कंबरेत वाकून कांदा चिरत होता, आणि दर दोन मिनिटांनी सरळ होऊन कमरेवर हात ठेवत होता. आपल्या जुन्या ओट्यांची उंची ३२ इंचांच्या आसपास असते आणि त्याला ३६ इंचांची सवय होती. ओटा तोडायचा तर ग्रॅनाइट फुटण्याची भीती, म्हणून मी फणसाच्या लाकडाचे जाड फळीचे, ३६ इंच उंचीचे, खाली दोन खण असलेले एक सुटे टेबल करून दिले. तेव्हापासून जिथे ओटा बदलता येत नाही तिथे मी हेच करतो. शॉवर सात फुटांवर घ्यावा आणि आरसा जरा मोठा घेऊन उंच लावावा.

पलंगाला पायथ्याकडची फळी नको. युरोपात गादीची लांबी साधारण २०० सेंटिमीटर असते. आपल्याकडे ७२ इंचांची गादी सर्रास मिळते, पण आपण ७८ इंचांची घ्यावी. काथ्याची कडक गादी पाठीला चांगली अशी आपली समजूत आहे, पण ज्यांना तिची सवय नाही त्यांना तिच्यावर झोप लागत नाही. मध्यम घट्ट, स्प्रिंगची किंवा लेटेक्सची गादी, तिच्यावर धुता येणारे आवरण आणि शुद्ध सुती चादरींचे तीन जोड घ्यावेत. पावसाळ्यात एक वाळत असतो, एक कपाटात असतो आणि एक अंथरलेला असतो. गादीवर केलेला खर्च कधी वाया गेल्याचे मला आठवत नाही.

स्वयंपाकघरात डबे, कढया आणि कुकरचे तीन आकार देण्याऐवजी मोठा ओव्हन, इंडक्शनची शेगडी, तिच्यावर चालतील अशी सपाट बुडाची भांडी, दोन धारदार सुऱ्या आणि खरोखर चांगला फ्रीज द्यावा. गॅसची जोडणी परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर घेणे कटकटीचे जाते, इंडक्शनमुळे तो प्रश्नच उरत नाही. तरी सिलिंडरची एक शेगडी सोय म्हणून असू द्यावी. ओल्या आणि सुक्या कचऱ्यासाठी वेगळे डबे आणि कचरा नेणारा कोणत्या दिवशी काय नेतो याचा कागद दाराच्या आतल्या बाजूला लावावा. परदेशी भाडेकरू पहिल्या आठवड्यात जे प्रश्न विचारतात त्यांत हा हमखास असतो. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, किती वाजता भोंगा वाजवत येतो हेही त्यात लिहावे. गरम पोई, म्हणजे इथला कोंड्याचा पाव, मिळायला लागली की घर लवकर आपले वाटते, हे मी अनेकांकडून ऐकले आहे.

बाथरूममध्ये ओली आणि कोरडी बाजू काचेने वेगळी करावी, घसरणार नाही अशी लादी लावावी आणि उतार जाळीकडेच आहे हे बादलीभर पाणी ओतून स्वतः पाहावे. गीझर २५ लिटरचा असावा. बाथटबची गरज नाही. कपड्यांसाठी वॉशर-ड्रायर घ्यावा. ही चैन नाही. जुलैत दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि घरात वाळवले तर तीच ओल भिंतींत जाते.

दिव्यांबाबत आपण आणि ते यांच्यात फार फरक आहे. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली आपल्याला घर लखलखीत वाटते. माझ्या देखभालीतल्या कित्येक घरांत ती ट्यूब वर्षभरात एकदाही लावली गेलेली नाही. २,७०० ते ३,००० केल्विनचे पिवळसर दिवे, एक उभा दिवा सोफ्याशेजारी, वाचायला एकेक दिवा पलंगाच्या दोन्ही बाजूंना, एवढे पुरते. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि कामाच्या टेबलावर मात्र भरपूर प्रकाश हवा.

आणि भिंती रिकाम्या सोडाव्यात. ही माझी मालकांशी नेहमी होणारी चर्चा आहे. घरात नको झालेली शोकेस, लग्नात आलेले काचसामान, आजोबांची तसबीर हे सारे भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाते आणि एखादी खोली सामानाने भरून कुलूपबंद होते. असे करू नये. भाडेकरू वर्षभराचे भाडे देतो तेव्हा त्याला आपली चित्रे टांगायला जागा आणि कपाटांचे रिकामे खण हवे असतात. भिंतींवर चित्र अडकवायची पट्टी छताखाली बसवून दिली तर खिळ्यांचा प्रश्नही सुटतो. गोव्याची ओळख म्हणून दोन-तीन गोष्टी पुरेत, पण त्या खऱ्या असाव्यात. जुन्या फर्निचरवाल्याकडून घेऊन पॉलिश केलेली लांब हातांची आरामखुर्ची बाल्कनीत ठेवावी, डिचोलीच्या कुंभाराकडच्या मातीच्या कुंड्या ठेवाव्यात, कुणबी विणीच्या लाल चौकड्याच्या कापडाच्या उशा कराव्यात. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांतले शंखशिंपल्यांचे तोरण नको.

सात लाखांची विभागणी मी अशी करीन: ओल, वायरिंग, नळ आणि खिडक्या यांना दोन लाख, एसी, फ्रीज, वॉशर-ड्रायर, इन्व्हर्टर, डीह्युमिडिफायर, ओव्हन आणि इंडक्शन मिळून अडीच लाख, पलंग, गाद्या आणि कपाटे दीड लाख, सोफा, जेवणाचे आणि कामाचे टेबल, खुर्च्या व दिवे साठ हजार, उरलेले चाळीस हजार पहिल्या पावसाळ्यासाठी हातचे राखून. भिंती उघडल्यावर पहिला आकडा वाढला तर सोफा साधा घ्यावा, गाद्यांना हात लावू नये.

कागदपत्रांत ढिलाई करू नये. परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत तिची माहिती, सगळे ज्याला सी-फॉर्म म्हणतात त्या पद्धतीने, ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या केंद्रीय कायद्यातही ती कायम आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची पडताळणी वेगळी करावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घेताना व्हिसाची मुदत पाहूनच कराराची मुदत ठरवावी. करार ११ महिन्यांचा करण्याची पद्धत आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा असेल तर त्याची नोंदणी सक्तीची आहे. पुढे कधी मोह होऊन तोच फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यावासा वाटला, तर १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागेल, आणि सोसायटीतले शेजारीही त्याला राजी असायला हवेत. सामानाची यादी फोटोंसह करून दोघांनी सह्या कराव्यात. गादीवरचा जुना डाग आणि लादीचा उडालेला टवका त्या यादीत आपणहून लिहावा. अनामत परत करताना होणारे बहुतेक वाद इथेच मिटतात.

राहिला प्रश्न अंतराचा. आपण फोंड्याला राहता, फ्लॅट ताळगावला आहे, आणि पंप बंद पडतो तो रात्री नऊला. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि एसीवाला हे तिघे ताळगाव-सांताक्रूझ भागातलेच ठरवून ठेवावेत, काम सुरू असतानाच त्यांना फ्लॅट दाखवावा आणि पाण्याचा मुख्य कॉक, मीटर व आरसीसीबी कुठे आहे ते त्यांच्यासमोर चिठ्ठ्या चिकटवून नोंदवावे. किल्लीचा एक जोड शेजारच्या विश्वासू कुटुंबाकडे बंद पाकिटात असावा आणि भाडेकरूला ते माहीत असावे. आपल्या दोघांपैकी ज्यांना इंग्रजीत फोनवर बोलायला संकोच वाटत नाही त्यांचाच नंबर त्याला द्यावा. फोन आला की त्याच रात्री निदान "उद्या सकाळी दहाला माणूस येतो" एवढे तरी कळवावे, आणि दहाला माणूस पाठवावा.